नवांबील

अवधूत खराडे जन्मात कधी दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. तरीही मिरजेच्या दवाखान्यात डॉ. शिरीन पटवेगार यांनी त्याच्या यकृताचं चित्र पडद्यावर लावलं, तेव्हा त्याला वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाचं तरी लावलंय. चरबी असेल तिथं पिवळा रंग दिसत होता, आणि यकृताचा तिसरा हिस्सा पिवळा होता.

"हे आक्काचं का?"

"नाही, तुमचंच. आक्कांचं याच्या फार पुढं गेलंय. आधी चरबी साठली, मग सूज आली, मग जखमांचे वण पडत पडत सगळं दगडासारखं घट्ट झालं. तुम्ही त्याच रस्त्याला आहात. फक्त मागं आहात."

आक्का म्हणजे रोहिणी, त्याची थोरली बहीण. आई गेली तेव्हा अवधूत पहिलीत होता आणि आक्का कॉलेजात. वडील दिवसभर द्राक्षबागेत असायचे. भावाला न्हाऊमाखू घालण्यापासून पाढे पाठ करून घेण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. तिनं लग्न केलं नाही. मिरजेतल्या एका शाळेत गणित शिकवता शिकवता ती मुख्याध्यापिका झाली. अंगानं काडीसारखी. सकाळी चहा-बिस्किटं, दुपारी चहा-बिस्किटं, रात्री मिळेल ते. चरबीचं यकृत हा जाड माणसांचाच आजार आहे अशी समजूत पूर्वी होती, ती आता कुणाची राहिली नव्हती. दर तीन माणसांत एकाला तो होता. शाळेच्या तपासणीत पोरांनाही निघत होता.

"त्यांना यकृत बदलावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "तुमच्या यकृताचा तुकडा काढून त्यांना लावता येतो. दोन्हीकडं ते पुन्हा वाढतं, यकृताचं हे मोठं नवल आहे. पण चरबीचा तुकडा रुजत नाही. आणि देणाऱ्याचं उरलेलंही धड वाढत नाही."

"म्हणजे मी चरबी घालवायची."

"हो. आणि लवकर. त्या वर्ष काढतील असं मला वाटत नाही."

अवधूतनं मान हलवली. एवढंच ना, असं त्याला त्या दिवशी वाटलं.

*

तासगावच्या बाजूला खराड्यांचा मळा होता आणि मळ्यात बेदाण्याचं शेड. जाळ्यांवर द्राक्षं सुकायची, मग अवधूत आणि त्याची बायको प्रांजल रंगाप्रमाणे, जाडीप्रमाणे माल वेगळा करायची. येता-जाता चार बेदाणे तोंडात टाकायची त्याची सवय लहानपणापासूनची. ती त्यानं सोडली. साखर सोडली, भात सोडला, पहाटे कालव्याच्या कडेनं चालायला लागला. आषाढात पुन्हा चित्र काढलं. पिवळा रंग जेमतेम हलला होता.

त्या दिवशी डॉ. पटवेगार यांनी जरा अडखळतच नवांबीलचं नाव काढलं.

नाव अवधूतला ठाऊक होतं. एसटीच्या पाठीवर, दूधडेअरीच्या भिंतीवर, सगळीकडं ती जाहिरात होती : डोंगरातली म्हातारी, हातात मातीचं मडकं.

"ते खरं असतं व्हय?"

"त्यामागचं शास्त्र खरं आहे," त्या म्हणाल्या. "आतड्यातून निघालेलं रक्त सगळ्यात आधी यकृतात जातं. म्हणजे आतड्यात जे काही शिजेल, त्याचा पहिला घास यकृताला. आता आपल्या आतड्यात असंख्य जंतू राहतात. साखरेवर आणि मैद्यावर पोसलेले काही जंतू तिथं चक्क दारू गाळतात. थोडी थोडी, पण रोज. तुम्ही न पिता तुमचं यकृत पिणाऱ्यासारखं का झालं, त्याचं एक कारण हे."

मग त्यांनी वेताळकोंडची हकीकत सांगितली. सह्याद्रीच्या धारेवरच्या त्या वस्तीत कुणाच्याच यकृतात चरबी नाही, हे काही वर्षांपूर्वी संशोधकांच्या लक्षात आलं. तिथं घरोघर नाचणीची आंबील प्यायची. कालची उरलेली आंबील आजच्या पिठात ओतायची, की ती आंबते. असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. त्या मडक्यात एक जंतू सापडला. नाचणीच्या कोंड्यातला जाड चोथा तो फोडायचा आणि त्यातून अशी आम्लं तयार करायचा, की आतड्याची भिंत बळकट व्हावी, यकृतानं चरबी जाळायला लागावं. दारू गाळणाऱ्या जंतूंना तर तो हुसकावूनच लावायचा.

"पण तो टिकत नव्हता," डॉक्टर म्हणाल्या. "आंबील बंद झाली की दोन-चार दिवसांत निघून जायचा. शहरातली माणसं रोज मडकं थोडंच लावणार? म्हणून कंपनीनं त्याच्या जनुकांत एक छोटा बदल केला. आतड्याच्या भिंतीला त्याला चिकटून राहता यावं, एवढाच. महिनाभर पुड्या घ्यायच्या. पुढं तो आपला आपण राहतो. तुम्ही फक्त रोज वाटीभर नाचणी खायची."

"मग देताना तुम्ही अशा का बोलायलाय?"

"कारण त्याला बाजारात येऊन फार काळ झाला नाही. वाईट काही दिसलेलं नाही अजून. मी एरवी थांबा म्हटलं असतं. पण आक्कांना थांबायला वेळ नाही."

*

पुडीची आंबील आंबट आणि जराशी फसफसणारी होती. पहिला आठवडा पोटात गुरगुरलं, मग शांत झालं. त्यानंतर अवधूतला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटायला लागलं. दुपारची सुस्ती गेली. पँट सैल झाली.

आणि गोड नकोसं झालं. सोडावं लागलं नाही, आपोआप सुटलं. एके दिवशी शेडचं दार उघडल्याबरोबर आतल्या वासानं त्याला उमळून आलं. ज्या वासात तो वाढला होता, तोच वास. तो उपरणं नाकाला लावून बाहेर उभा राहिला. प्रांजल हसून लोटपोट झाली.

"डोहाळे मला लागायचे तर तुलाच लागलेत!"

तिला चौथा महिना होता. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, दोनदा आशा मावळल्यावर राहिलेलं हे पोर. घरात सगळं कसं बेतानं, जपून चाललं होतं. आक्काही आता मळ्यात राहायला आली होती. तिच्या पोटात पाणी साठायचं, डोळे पिवळे झाले होते, पण जीभ तशीच होती. गाद्या कशा घालाव्यात यावरून ती प्रांजलला सूचना द्यायची आणि प्रांजल "हो आक्का, बरं आक्का" म्हणत आपल्याला हवं तेच करायची. तिघं एकाच टोपातली आंबील वाटून प्यायची. आक्काला ती आवडायची.

गणपती उठले आणि अवधूतचं नवं चित्र आलं. पिवळा रंग कुठंच नव्हता. डॉ. पटवेगार यांनी दोन वेळा नाव ताडून बघितलं.

"दसऱ्यानंतरची तारीख धरू," त्या म्हणाल्या.

परतताना गाडीत आक्का खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "अवधू, मला अजून तीन वर्षं नोकरी आहे. ती पुरी करीन म्हणते."

तिनं पुढचं काही ठरवून बोलण्याची ती कित्येक महिन्यांतली पहिलीच वेळ होती.

*

घटस्थापनेच्या आधी अवधूत माल दाखवायला इंदूरला गेला. तिथं नाचणी मिळाली नाही, आणि त्यानं फार शोधलीही नाही. पोहे, भात, पराठे यांवर त्यानं वेळ मारून नेली. परतीच्या गाडीत त्याच्या पोटात आग पडली. मिरजेला उतरेपर्यंत ताप चढला होता आणि शौचाला रक्त पडत होतं. प्रांजलनं घाबरून त्याला आधी आंबील पाजली, कारण पोटात दुसरं काही ठरतच नव्हतं. दोन तासांत ताप उतरला.

"दारुड्यागत झालं की रे तुझं," ती म्हणाली. "घोट घेतला की बरा."

त्यालाही हसू आलं. फोनवर त्यानं डॉक्टरांना हे गंमत म्हणूनच सांगितलं. पलीकडं त्या हसल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, "इंदूरला किती दिवस होता? नाचणीचा एक घासही नाही? नक्की?"

नवरात्र बसलं आणि चौथ्या-पाचव्या माळेपासून मिरजेच्या दवाखान्यांत बायका यायला लागल्या. सगळ्या उपवासाच्या. साबुदाणा, भगर, बटाटा, शेंगदाणे. नाचणी उपवासाला चालत नाही, म्हणून ती बंद. एकीला तापातच आणलं आणि संध्याकाळी ती गेली. मग दुसरी गेली. अष्टमीला डॉ. पटवेगार यांनी खराड्यांच्या तिघांना बोलावून घेतलं, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यातही खाटा टाकल्या होत्या. एका खाटेवर हिरवा चुडा भरलेली, कपाळाला मळवट लावलेली बाई डोळे मिटून पडली होती आणि तिचा नवरा तिच्या तोंडाशी आंबीलचा पेला धरून "घे गं, एक घोट घे, देवी काही रागवत नाही," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता.

डॉक्टरांच्या खोलीचं दार लावलं तरी तो आवाज आत येत होता.

"आतड्याच्या भिंतीला आतून एक बुळबुळीत थर असतो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचे डोळे तारवटले होते. "जंतू आणि आपलं रक्त यांच्यामधलं कुंपण म्हणा. तो थर साखरेच्या साखळ्यांनीच बनलेला असतो. डोंगरातला मूळ जंतू पाहुणा होता. खायला नाही मिळालं की उठून जायचा. याला आपण घरजावई करून ठेवलंय. याला जाता येत नाही. नाचणी नाही मिळाली तर तो भिंतीवरचा थर खातो. कुंपण गेलं की आतड्यातली सगळी घाण रक्तात. आणि रक्त आधी कुठं जातं, ते तुम्हाला सांगितलंय."

"मग औषध देऊन मारून टाका," अवधूत म्हणाला.

"मारून बघितला. जंतू मारायच्या औषधानं बाकीचे आधी मरतात. हा त्या थरात खोल दडून बसतो आणि नंतर सगळं रान त्याला मोकळं मिळतं." त्यांनी अहवालाचे तीन कागद पुढं सरकवले. "तुमच्या तिघांचेही नमुने मी तपासून घेतलेत. तो तिघांमध्ये आहे."

प्रांजलचा हात पोटावर गेला. "मी एकही पुडी घेतलेली नाही. आक्कांनीही नाही. फुगलेली आंबील तेवढी प्यायलो."

"तेवढं पुष्कळ आहे. तेवढंही लागत नाही. एका ताटात जेवणं, एका तांब्यानं पाणी पिणं. मी नवांबीलला हात लावलेला नाही, माझ्याही पोटात निघालाय. आता मीही रोज नाचणी खाते."

आक्का पुढं सरकून बसली. तिनं वर्गात विचारावं तशा आवाजात विचारलं, "ऑपरेशनचं काय?"

"ऑपरेशन म्हणजे पोटाला काही दिवस सुट्टी. दोघांच्याही. त्या दिवसांत तो काय खाणार? आणि तुम्हाला तर नंतर जन्मभर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतील. तुमचं कुंपण एकदा जरी फुटलं..."

त्यांनी समोरची फाइल मिटली.

"एकच मार्ग दिसतोय," त्या म्हणाल्या. "वेताळकोंडच्या मडक्यात तो जंतू एकटा नव्हता. आणखी पुष्कळ होते, आणि ते त्याला हद्दीत ठेवायचे. कंपनीनं एक उचलला आणि बाकीचे सोडून दिले. मूळ मडक्यातली जिवंत आंबील मिळाली, तर ती सगळी जमात मिळून याला भिंतीवरून ढकलू शकेल. नक्की सांगत नाही. पण दुसरं काही माझ्याजवळ नाही."

"मी आणतो," अवधूत म्हणाला.

*

घाटाचा रस्ता संपला तिथं त्यानं गाडी ठेवली आणि पायवाटेनं तो वर चढला. वेताळकोंड म्हणजे कारवीच्या कुडांची थोडी घरं, खाली दरीकडं उतरणारी नाचणीची शेतं. कणसं तांबूस झाली होती. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिचा चेहरा त्यानं ओळखला. एसटीच्या पाठीवर तोच होता.

तिचं नाव ठकूबाई झोरे. अवधूतनं आक्काचं दुखणं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि "बापा, आंबील कितीबी ने की, तिला काय तोटा," म्हणत आत जाऊन मडकं आणलं. ती डावानं ओतायला लागली. आंबीलवर मोठे मोठे बुडबुडे येत होते.

अवधूतनं पेला नाकाजवळ नेला. तो वास त्याच्या ओळखीचा होता. त्याच्या स्वतःच्या टोपातला होता.

"आजी, ही जुनीच आंबील का? तुमच्या सासूच्या वेळेपासूनची?"

"मडकं जुनं हाय. आंबील पुडीची." ती कौतुकानं म्हणाली. "कंपनीच्या पोरांनी समद्या घरांत पुड्या वाटल्या की. फुकट. म्हणली, तुमचीच आंबील, पण ब्येस केलीया. जुनी दोन दिस लागायची आंबायला. ही एका दुपारात फुगती."

"जुनी कुणाकडं असेल? एखाद्या घरात? खालच्या वाडीत?"

ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या तोंडावर काय दिसलं कुणास ठाऊक, पण तिनं डाव मडक्यात सोडला आणि त्याला हाताला धरून घरोघर नेलं. प्रत्येक ठिकाणी तिनंच विचारलं. एका घरात पुड्या घ्यायला नको म्हणाले होते. पण त्यांची सून माहेरी गेली होती, तिथून येताना शेजारणीच्या टोपातली आंबील घेऊन आली होती, आणि ती मडक्यात गेली होती. शेवटच्या घराबाहेर ठकूबाई दम खात उभी राहिली.

"लई वाईट झालं काय रं?"

"नाही आजी," अवधूत म्हणाला. "तुम्ही रोज प्यायची ती सोडू नका. एक दिवसही सोडू नका."

तरीही त्यानं प्रत्येक मडक्यातली बाटलीभर आंबील आणली. डॉ. पटवेगार यांनी सगळ्या बाटल्या तपासल्या. सगळ्यांत तोच एक होता. मडक्यातली जुनी जमात त्यानं केव्हाच संपवली होती. कंपनीच्या शीतपेट्यांत मूळ जंतू असेल, पण नुसता तो. त्याच्याबरोबरचे कुणीच जपून ठेवलेले नव्हते.

*

"नळीतून नाचणीचा कोंडा आतड्यात सोडत ऑपरेशन करता येईल," डॉक्टर म्हणाल्या. हे त्यांनी मळ्यात येऊन, आक्काच्या खाटेशेजारी बसून सांगितलं. "असं आजवर कुणी केलेलं नाही. पण करता येईल."

"करू या," अवधूत लगेच म्हणाला.

"तू थांब," आक्का म्हणाली. "डॉक्टर, मी वाचायची शक्यता किती?"

"कमी आहे."

"आणि हा?"

"याची जास्त आहे. पण खात्री देणार नाही. पंधरा दिवसांपूर्वी दिली असती."

आक्कानं डोळे मिटले. ती थकली असावी असं वाटून डॉक्टर उठणार तेवढ्यात ती म्हणाली, "मग माझ्याकडून नाही. कागदावर तसं लिहून घ्या, सही करते."

"आक्का, असं एकटीनं ठरवायचं नसतं!" अवधूत ओरडला. "माझं यकृत आहे, मी द्यायला तयार आहे. एवढं सगळं कशासाठी केलं मी? शेडमध्ये पाय टाकवत नाही मला. तुझ्यासाठी हे पोटात घेतलं, प्रांजलला दिलं, त्या पोराला..."

बोलता बोलता तो थांबला. स्वयंपाकघराच्या दारात प्रांजल उभी होती.

"बोल की," आक्का हळूच म्हणाली. "तेच म्हणतेय मी. त्या पोराला पुढं काय होणार, ते अजून कुणालाच ठाऊक नाही. त्याला बाप लागणार आहे. तुला वाढवताना मला कुणी नव्हतं, अवधू. मला ठाऊक आहे ते कसं असतं. प्रांजलवर ती वेळ मी आणणार नाही."

"तुला मरायचंय का?"

"नाही रे," ती म्हणाली आणि तिनं त्याचा हात धरला. "अजिबात नाही."

त्यानंतर दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. पुढं जन्मभर त्याला त्या दोन दिवसांचं वाईट वाटत राहिलं, कारण तिच्याजवळ धड बोलण्याचे दिवस फारसे उरलेच नव्हते. दिवाळीनंतर रक्तातलं विष तिच्या डोक्यात जायला लागलं. ती त्याला शाळेतल्या पोरांच्या नावांनी हाक मारायची, उभं राहायला सांगायची, गृहपाठ का केला नाही म्हणून विचारायची. तोही उभा राहायचा. "उद्या आणतो बाई," म्हणायचा. एके सकाळी तिनं त्याला जवळ बोलावून सतराचा पाढा म्हणायला लावला. तो मध्ये चुकला, तिनं सुधारला, आणि तो पुढं म्हणत असतानाच ती गेली.

*

मुलगी पौषात झाली. गोरीपान, भरपूर केसांची. तिचं नाव प्रांजलनं रोहिणी ठेवलं. तिच्या पहिल्याच नमुन्यात तो जंतू होता.

"आईच्या दुधात काही साखळ्या असतात, त्या बाळाला पचत नाहीत, जंतूंसाठीच असतात," डॉ. पटवेगार म्हणाल्या. "हा त्यांवर खूश आहे. दूध आहे तोवर भीती नाही."

"आणि दूध सुटल्यावर?"

"नाचणी."

"कुठवर?"

डॉक्टर बाळाचं वजन कागदावर लिहायला लागल्या.

तोवर तो जंतू कुठं नव्हता हे सांगणं अवघड झालं होतं. पुण्यात होता, इंदूरमध्ये होता, विमानं जात होती तिथवर गेला होता. चरबीचं यकृत मात्र खरोखरच नाहीसं होत चाललं होतं. वर्तमानपत्रांनी ते आनंदानं छापलं. त्याच पानावर सरकारचं आवाहन असायचं : प्रवासात, आजारपणात, उपवासात नाचणी जवळ ठेवावी. दवाखान्यांत सलाइनच्या खांबाला कोंड्याची पिशवी टांगायला लागले. निर्जळी उपवास करणाऱ्या एका मठातले सगळे जण आठवड्याभरात गेले.

अवधूतनं द्राक्षबाग काढली. वडिलांनी लावलेल्या वेलांची खोडं यंत्रानं उपटताना तो बांधावर उभा होता. एकट्यानंच काढली असं नाही. तासगावपासून सांगलीपर्यंत ऊस गेला, द्राक्षं गेली, आणि जिकडंतिकडं नाचणी आली. सगळी एकाच वाणाची. त्या वाणाच्या कोंड्यात चोथा जास्त, जंतूला तोच मानवतो, म्हणून कंपनीनं आणि सरकारनं मिळून तेच बियाणं वाटलं. ज्या मातीनं कधी नाचणी बघितली नव्हती, ती डोळा पोहोचेल तिथवर हिरवीगार झाली. पंपावर, पारावर, लग्नात, बोलणं तेवढं एकच असायचं : पीक कसं आहे.

भाद्रपदात पोरीला दोन दात आले. प्रांजलनं तिला मांडीवर घेतलं आणि चमच्यानं आंबील भरवली. पोरीनं तोंड वेडंवाकडं केलं, मग चमचाच धरला आणि आणखी मागितली. प्रांजल हसली. खूप दिवसांनी हसली.

"आवडली बघ तिला."

अवधूतनं पोरीचं तोंड पुसलं आणि तो रानात गेला.

पीक गुडघ्याच्या वर आलं होतं. वरच्या पट्टीत, पाटाच्या कडेला, त्याला काही पानं निस्तेज दिसली. तो वाकला. पानावर दोन्हीकडं निमुळते राखी ठिपके होते, भोवती तपकिरी कडा. त्यानं शेजारचं ताट बघितलं, मग त्याच्या शेजारचं. ठिपके सगळीकडं होते. काही ठिकाणी ते एकमेकांत मिसळून पान सुकलं होतं. एका ताटाची मान काळी पडून कणीस भरण्याआधीच लवली होती.

करपा.

द्राक्षावरचे रोग त्याला पाठ होते. नाचणीवरचा हा त्यानं फक्त कृषी खात्याच्या चित्रात बघितला होता, आणि त्याखाली लिहिलेलंही त्याच्या लक्षात होतं : एकाच वाणाची सलग लागवड असेल तर वाऱ्याबरोबर आठ दिवसांत तालुका व्यापतो. त्यानं मान वर केली. वारा पश्चिमेकडून होता. पट्ट्यामागून पट्टे, बांधामागून बांध, थेट टेकडीपर्यंत सगळं रान एकसारखं डोलत होतं.

एक पान त्यानं खुडलं. आधी ते मुठीत लपवावं असं त्याच्या मनात आलं. बातमी फुटली की बाजारातली नाचणी संध्याकाळपर्यंत उरणार नाही, माणसं एकमेकांच्या घरात घुसतील. आधी आपल्या घरात काही पोती आणून ठेवावीत. पोरगी आहे. मग त्याला व्हरांड्यातली ती हिरव्या चुड्याची बाई दिसली, आणि पेला धरून बसलेला तिचा नवरा.

बांधापलीकडं सरगर तात्या पाठमोरे उभे होते. सत्तरीचे, अवधूतच्या वडिलांचे मित्र. त्या उन्हाळ्यात त्यांनीही आपली बाग अशीच काढली होती.

"तात्या!" त्यानं हाक मारली. "जरा इकडं या. आणि तुमच्या रानातही एकदा बघून घ्या."

तात्या वळले. ते सावकाश बांधापर्यंत आले. जवळ आल्यावर त्यांनी अवधूतच्या हातातल्या पानाकडं बघितलं, आणि मग आपली मिटलेली मूठ उघडून पुढं धरली.

तळहातावर तसंच एक पान होतं. चुरगळलेलं, राखी ठिपक्यांचं.

"कालपासनं आहे," तात्या म्हणाले. "कुणाला सांगू, हे सुचंना झालंय बघ."